त्बिलिसीची पायी सहल: डोंगरावर आपले आपण, ताटासमोर मात्र वाटाड्या हवा

आमची धाकटी लेक जॉर्जियाची राजधानी त्बिलिसी येथे डॉक्टरकीचे शिक्षण घेते. दसऱ्याच्या सुमारास मी आणि माझे यजमान चाळीसगावहून तिच्याकडे जाऊन दहा दिवस राहून आलो. परत आल्यापासून, ज्यांची मुले तिकडे शिकत आहेत अशा पालकांचे आम्हाला फोन येतात आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: मुले दिवसभर कॉलेजात असतात, मग आपण तिकडे करायचे काय? आम्ही दोघे चाललो आणि खाल्ले. त्यातला एक दिवस आम्ही पैसे मोजून वाटाड्याबरोबर काढला, बाकीचे दिवस आपले आपण हिंडलो. हे परीक्षण मुख्यतः त्या पैसे मोजलेल्या दिवसाचे आहे, आणि ते पैसे वसूल झाले का या प्रश्नाचे उत्तर अर्धे नाही व अर्धे हो असे असल्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

सहल लेकीने ऑनलाइन नोंदवली होती. कंपनीचे नाव देत नाही; अशा सहली काढणारे तेथे पुष्कळ आहेत आणि एका दिवसाच्या अनुभवावरून कोणाला बट्टा लावणे मला बरे वाटत नाही. दर माणशी १८० लारी होता. त्या आठवड्यात एक लारी सुमारे ३१ रुपयांना पडत होती, म्हणजे आमचे दोघांचे अकरा हजारांहून अधिक रुपये गेले. त्या मोबदल्यात सकाळी कासव तलावापासून म्तात्समिंदा डोंगरापर्यंत धारेवरून पायी चाल, दुपारी बाजार, आणि दिवसभरात तीन ठिकाणी खाणे असा कार्यक्रम होता. गट जास्तीत जास्त आठ जणांचा असेल आणि शाकाहारी माणसाची तिन्ही ठिकाणी सोय होईल, असे दोन शब्द त्यांनी लेखी दिले होते. हे दोन्ही शब्द पाळले गेले नाहीत. गट तेरा जणांचा निघाला. दुसऱ्या शब्दाची गोष्ट पुढे येईल.

त्बिलिसी हे शहर म्तक्वारी नदीच्या खोऱ्यात वसलेले आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना डोंगर इतके जवळ आहेत की शहरातल्या बसमधून उतरून दहा मिनिटांत आपण चढाला लागतो. आमच्याकडे पाटणादेवीला जायचे म्हटले तरी गाडी काढावी लागते. तेथे वाके नावाच्या उपनगरातल्या बागेतून एक जुना रोपवे वर जातो. तो काही वर्षे बंद होता आणि २०१६ साली पुन्हा सुरू झाला. वर साधारण ६८६ मीटर उंचीवर कुस त्बा, म्हणजेच कासव तलाव आहे. तलाव लहान आहे. काठावर चहाकॉफीची दुकाने आहेत, आणि त्याच्या मागून धारेवरची वाट सुरू होते.

या वाटेबद्दल माझे मत स्पष्ट आहे: ती चुकणे अवघड आहे. डाव्या हाताला खाली सारे शहर पसरलेले असते, समोर म्तात्समिंदावरचा दूरदर्शनचा सुमारे २७५ मीटर उंचीचा मनोरा सतत दिसत राहतो, आणि पायाखालची पायवाट रोजच्या फिरणाऱ्यांनी आणि सायकलवाल्यांनी मळलेली आहे. चढउतार आहेत, पण कण्हेरगडाची निसरडी चढण ज्यांनी साठीनंतरही केली आहे त्यांना त्यात विशेष काही वाटू नये. काही भागात पाइनची लावलेली झाडे आहेत, बाकी उतार काटेरी झुडपांचे आणि ऑक्टोबरात पिवळ्या पडलेल्या गवताचे. सावली कमी असल्यामुळे टोपी आणि पाणी बरोबर हवे. हवा स्वच्छ असेल तर उत्तरेला ५०५४ मीटर उंचीचे काझबेक शिखर दिसते. आम्हाला ते मोजून दहा मिनिटे दिसले, नंतर ढगात गेले.

आमच्या वाटाड्या म्हणून आलेली मुलगी पंचविशीची होती. वाटेवर ती सर्वांत पुढे, हातात मोबाइल, आणि तेरा जणांची रांग मागे ताणलेली असा प्रकार होता. माझे यजमान मागे राहिले की मी थांबायचे, आणि आम्ही दोघे थांबलो की पुढचे दिसेनासे व्हायचे. तिने सांगितलेल्या चार गोष्टी मला ऐकू आल्या, आणि त्यांपैकी तीन मी आदल्या रात्री वाचलेल्या होत्या. आमची खरी सोबत एका कुत्र्याने केली. त्बिलिसीत मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांच्या कानाला प्लॅस्टिकचा बिल्ला मारतात. असा एक बिल्लेवाला, तपकिरी रंगाचा, गलेलठ्ठ कुत्रा तलावापासून आमच्या मागे लागला. तो यजमानांच्या चालीने चालायचा, ते बसले की शेजारी बसायचा, आणि मनोऱ्याखाली पोहोचल्यावर आमच्याकडे न बघता दुसऱ्या एका कुटुंबाबरोबर परत फिरला. डोंगरावरच्या वाटाड्याचे काम त्या दिवशी ज्याने केले त्याला एक पैसाही मिळाला नाही.

म्तात्समिंदा या नावाचा अर्थ पवित्र डोंगर असा आहे. माथ्यावर पाळणे वगैरे असलेली करमणुकीची बाग आहे, ती मुलाबाळांसाठी. तेथून खाली उतरायला १९०५ सालापासूनची तारेने ओढली जाणारी रेल्वे आहे, पण गुडघे बरे असतील त्यांनी पायवाटेने उतरावे, कारण अर्ध्या उतारावर मामादावितीचे चर्च लागते. हे नाव ऐकून यजमानांनी लगेच विचारले की हे दावितीमामा कोण. तेव्हा कळले की जॉर्जियन भाषेत मामा म्हणजे वडील आणि देदा म्हणजे आई. सहाव्या शतकात या डोंगरावर राहिलेल्या दाविती नावाच्या संन्याशाचे ते स्थान आहे. चर्चभोवती देशातल्या थोर लेखक-कवींच्या समाध्या आहेत. हे स्मारकस्थळ १९२९ साली सुरू झाले. त्यातच स्टालिनच्या आईचीही कबर आहे. मुलगा साऱ्या सोव्हिएत देशाचा सर्वेसर्वा असताना वारलेल्या त्या बाईची जागा इतकी साधी असेल असे मला वाटले नव्हते.

येथवरच्या चालीला साडेतीन तास लागले, आणि येथवरच्या सेवेला मी पाचपैकी दीड गुण देईन. ही चाल ज्यांना करायची आहे त्यांनी रोपवेचे तिकीट काढावे आणि आपले आपण जावे.

यानंतर मात्र त्या मुलीचे दुसरेच रूप दिसले.

उतरून आम्ही एका गल्लीत शिरलो तेव्हा रस्त्याच्या पातळीखाली, तीन पायऱ्या उतरून, एक बेकरी होती. तिच्या खिडकीतून आत पाहता येत होते. जमिनीत विहिरीसारखी गोल, उभी भट्टी होती, तिला तोने म्हणतात. आपल्या तंदुरासारखीच, पण इतकी खोल की पाव लावणारा माणूस कणकेचा लांबट गोळा फळीवर घेऊन कमरेपर्यंत आत वाकला, त्याचा एक पाय जमिनीवरून सुटून हवेत गेला, आणि क्षणात तो पुन्हा उभा राहिला तेव्हा फळी रिकामी होती. होडीच्या आकाराचा तो पाव पाचसात मिनिटांत आकडीने काढून त्याने कागदात गुंडाळून आमच्या हातात दिला. वाटाड्या मुलीने त्याचे नाव सांगितले, शोतिस पुरी. जॉर्जियन भाषेत पावाला पुरीच म्हणतात! पुरी शब्द ऐकून आम्ही हसलो, तेव्हा आमच्या पुरीचा फोटो तिने मागून घेतला आणि तो बेकरीवाल्याला नेऊन दाखवला. डोंगरावर जी मुलगी मागे वळून पाहत नव्हती, ती येथे प्रत्येकाच्या हातातल्या पावाचे टोक मोडून, हे टोक आधी खा, हेच सर्वांत कुरकुरीत असते, असे सांगत फिरत होती.

मग मेट्रोने आम्ही स्टेशनजवळच्या देझेर्तेर बाजारात गेलो. मेट्रो १९६६ सालची आहे आणि रुस्तावेली स्थानकाचा सरकता जिना इतका खोल उतरतो की खालचे टोक वरून धड दिसत नाही. ज्यांना चक्कर येते त्यांनी कठडा धरून नाकासमोर पाहावे. बाजाराचे नाव पळून आलेल्या शिपायांवरून पडले आहे. गेल्या शतकाच्या विशीत सैन्यातून पळालेले लोक आपली हत्यारे येथे विकत असत म्हणे. आता चीज, मसाले, डाळिंबे आणि अक्रोड यांचे ढीग असतात. आपला भुसावळचा किंवा चाळीसगावचा आठवडे बाजार छताखाली आणावा, तसे वाटले.

येथे वाटाड्या मुलगी नसती तर मी अर्ध्या वस्तू न ओळखताच पुढे गेले असते. एका म्हातारीच्या टोपलीत पिवळीधमक भुकटी होती. ती हळद असेल म्हणून मी चिमूटभर नाकाशी नेली, तर वास वेगळाच. ती झेंडूच्या वाळवलेल्या पाकळ्यांची पूड निघाली, आणि तिला तेथे इमेरेती या प्रांताच्या नावावरून इमेरेतीचे केशर म्हणतात. ज्या फुलांची आपण दसऱ्याला तोरणे बांधतो आणि दुसऱ्या दिवशी उकिरड्यावर टाकतो, ती हे लोक भाजीत घालतात, ही गोष्ट मी आमच्या गल्लीत अजून कोणाला पटवून देऊ शकलेले नाही. दुसरी भुकटी हिरवट होती, उत्सखो सुनेली. ही निळ्या फुलांच्या मेथीची पूड. वास आपल्या मेथीचाच, पण कडवटपणा कमी आणि भाजल्यासारखा खमंग. तिसरी वस्तू ओळखायला मात्र कोणाची मदत लागली नाही. लाल मिरची, लसूण, मीठ आणि मसाले वाटून केलेल्या अजिका नावाच्या गोळ्याचा वास येताच यजमान आपोआप अहिराणीत बोलू लागले: «हाऊ ते ठेचा शे!»

भिंतीवर मेणबत्त्यांच्या जुड्यांसारखे टांगलेले दिसत होते ते चुर्चखेला. दोऱ्यात अक्रोडाचे अर्ध ओवून ती माळ द्राक्षाच्या रसात पीठ घालून शिजवलेल्या दाट लापशीत पुन्हा पुन्हा बुडवायची आणि वाळत टांगायची, असा तो प्रकार आहे. द्राक्षाची तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होत असल्यामुळे आम्हाला ताजा माल मिळाला. बोटाने दाबून पाहावे. वाकला तर ताजा, काडीसारखा मोडला तर जुना. खाण्याआधी दोरा एका टोकाने ओढून काढावा लागतो. हे तिने आम्हाला वेळेवर सांगितले, पण गटातल्या एका गृहस्थांना उशिरा सांगितले.

दुसरे खाणे बसून होते आणि तेथेच लेखी दिलेला दुसरा शब्द मोडला. लोबियो म्हणजे राजम्याची घट्ट आमटी, मातीच्या लहान गाडग्यात उकळत येते आणि तिच्याबरोबर मक्याची भाकरी असते, तिला म्चादी म्हणतात. गाडगे, आमटी आणि भाकरी हे ताट समोर आल्यावर खान्देशी माणसाला घरी आल्यासारखे वाटणारच. मी पहिला घास तोंडाशी नेत असताना मुलीने माझा हात धरला. स्वयंपाकघरातून माझ्यासाठी आलेल्या गाडग्यात डुकराच्या मांसाचे तुकडे होते. कंपनीने हॉटेलला शाकाहाराचा निरोपच दिलेला नव्हता. हॉटेलवाल्यांचा यात दोष नाही, आणि मुलीचाही नाही. तिने तो तुकडा वाफेतून ओळखला म्हणून माझे निभावले.

ते गाडगे परत गेल्यावर तिने मला एक शब्द शिकवला. या एका शब्दासाठी मी १८० लारी विसरायला तयार आहे. तो शब्द समार्ख्वो. जॉर्जियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चचे लोक बुधवारी आणि शुक्रवारी, शिवाय ईस्टर आणि नाताळापूर्वी कित्येक आठवडे उपास धरतात, आणि त्या उपासात मांस, दूध, अंडी यांपैकी काहीच चालत नाही. त्या दिवसांत खाण्याच्या पदार्थांना समार्ख्वो म्हणतात. मी शाकाहारी आहे असे इंग्रजीत सांगितले की वाढपी मान डोलावतो आणि कोंबडी घेऊन येतो. समार्ख्वो म्हटले की स्वयंपाकघराला नेमके कळते. पुढचे सहा दिवस मी हा शब्द दिवसातून दोनदा वापरला आणि एकदाही फसले नाही. मात्र यात चीजही गळते, हे ध्यानात ठेवावे. चीज चालत असेल तर खाचापुरीसाठी वेगळे सांगावे लागते. आतून चीज भरलेली ही भाकरीएवढी रोटी इमेरेतीच्या पद्धतीची मागवावी. मध्यभागी कच्चे अंडे फोडलेली होडीच्या आकाराची अजारिया प्रांताची खाचापुरी फोटोत फार छान दिसते, पण एकट्याला संपत नाही.

वांग्याबद्दल लिहिल्याशिवाय आमच्या भागातला कोणी मला सोडणार नाही. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तेव्हा आम्ही वांग्याच्या बाबतीत जरा ताठ असतो. बद्रिजानी म्हणजे वांग्याचे लांब पातळ काप तळून, त्यात लसूण आणि उत्सखो सुनेली घातलेले अक्रोडाचे वाटण भरून केलेल्या गुंडाळ्या, वरून डाळिंबाचे दाणे. आपल्याकडे भाजीला जिथे शेंगदाण्याचे कूट लागते तिथे ते लोक अक्रोड घालतात, आणि अक्रोडाला हात आखडत नाहीत. वाटण उत्तम होते. वांग्याबद्दल मात्र मी समाधानी नाही. तळलेल्या वांग्याला धुराचा वास नसतो, आणि पळाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांच्या, जाळावर भाजून बडगी नावाच्या लाकडी उखळीत ठेचलेले वांगे ज्याने थंडीत शेतात बसून कळण्याच्या भाकरीबरोबर खाल्ले आहे, त्याला ही गुंडाळी शहरी वाटते. यजमानांचे मत वेगळे आहे. त्यांनी चार खाल्ल्या.

दारू आम्ही दोघे घेत नाही. तेथे वाइन पोटापेक्षा मानाची गोष्ट आहे. जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेल्या क्वेव्री नावाच्या मातीच्या रांजणांत ती मुरवतात, आणि या पद्धतीची युनेस्कोने २०१३ साली वारशाच्या यादीत नोंद घेतली. आपल्याकडे पूर्वी धान्याची पेवे जमिनीत असत, तशी त्यांची वाइनची. मुलीने आमचा नकार एकदाच ऐकला, पुन्हा आग्रह केला नाही, आणि त्याऐवजी तारहुना नावाचे थंड पेय मागवले. ते रंगाने कपडे धुण्याच्या साबणासारखे हिरवे असते, चवीला मात्र बडीशेपेच्या जवळ जाते.

तिसऱ्या ठिकाणी खिंकाली. मोदकाच्या कळ्या पाडाव्यात तशा चुण्या घालून वर शेंडी वळलेली, पाण्यात उकडलेली, आत रस्सा असलेली ही पुरचुंडी मूळची डोंगरी भागातली. काटाचमचा लावायचा नाही. शेंडीला धरून उलटी करायची, बाजूने लहानसा चावा घेऊन आधी आतला रस्सा ओढून प्यायचा, मग बाकीचे खायचे आणि शेंडी ताटलीत ठेवायची. शेंडीकडे कणीक जाड आणि अर्धवट शिजलेली राहते म्हणून ती खात नाहीत, आणि कोणी किती खाल्ल्या हे त्यावरून मोजता येते. माझ्यासाठी मशरूमच्या आणि बटाट्याच्या होत्या, यजमानांना मटणाच्या मिळाल्या. पहिल्या खिंकालीचा रस्सा त्यांच्या सदऱ्यावर सांडला. मुलीने स्वतःची ताटली बाजूला सारली, त्यांच्या शेजारी येऊन बसली, आणि लहान मुलाला शिकवावे तसे मनगट कसे वळवायचे ते दाखवले. दुसरी त्यांनी थेंबही न सांडता खाल्ली.

दुपारनंतरच्या या भागाला मी पाचपैकी साडेचार गुण देते. अर्धा गुण निरोप न पोहोचवल्याबद्दल कापला आहे आणि तो कंपनीचा आहे. तेथे नुसत्या खाण्याच्याही सहली मिळतात. ज्यांना पैसे मोजायचे आहेत त्यांनी तसली घ्यावी, ती पहिल्या किंवा दुसऱ्याच दिवशी घ्यावी, आणि गट किती जणांचा हे आदल्या दिवशी फोन करून पुन्हा विचारावे.

बाकीच्या दिवसांतल्या चालण्यापैकी एकच सांगते. जुन्या शहरातून नारिकाला किल्ल्याच्या अंगाने वर चढले की सोलोलाकीच्या धारेवर कार्त्लिस देदाचा पुतळा आहे. वीस मीटर उंच, १९५८ साली उभारलेली ही आई एका हातात मित्रांसाठी वाइनचा वाडगा आणि दुसऱ्या हातात शत्रूंसाठी तलवार धरून उभी आहे. तिच्या पाठीमागच्या उतारावर वनस्पती उद्यान आहे. तेथून खाली अबानोतुबानी या गरम पाण्याच्या कुंडांच्या वस्तीत उतरावे. विटांचे घुमट जमिनीवर उलट्या टोपल्यांसारखे दिसतात, गंधकाचा वास गल्लीत शिरताच येतो, आणि मागच्या घळईत चार पावलांवर धबधबा आहे. उनपदेवचे गरम झरे ज्यांनी पाहिले आहेत त्यांनाही पाणी पाहून आनंद होईल. हे सारे सकाळी आठला सुरू केले तर जेवणाच्या वेळेपर्यंत होते आणि त्याला कोणाचीही गरज लागत नाही. एक पैशाची गोष्ट: पुष्कळ हॉटेलांत बिलावर दहा टक्के किंवा त्याहून अधिक सेवा आकार वेगळा लावतात, तेव्हा मेनूवरच्या आकड्यावर हिशेब करू नये. मेट्रो आणि बसला मात्र आमचे एका लारीत भागले.

शेवटच्या रात्री लेकीला घेऊन आम्ही तिघे, वाटाड्याशिवाय, तिच्या खोलीजवळच्या एका साध्या हॉटेलात गेलो. मी समार्ख्वो म्हणाले. वाढणाऱ्या बाईंनी एकदा माझ्या साडीकडे आणि एकदा माझ्या तोंडाकडे पाहिले आणि काही न विचारता लोबियो, बद्रिजानी आणि मशरूमच्या खिंकाली आणून ठेवल्या. लेक तीन वर्षे तेथे राहते, पण तिला हा शब्द माहीत नव्हता. ती इतके दिवस हॉस्टेलात खिचडी करून खात होती. उठताना ताटलीत चौदा शेंड्या होत्या. त्यांतल्या सात तिच्या.